थिनरने धुतलेले हात

नाशिकजवळच्या अंबडला एका कारखान्यात मी सहा वर्षं पेंट शॉपला होतो. लोखंडी कपाटांवर रंगाचे फवारे मारायचे आणि शिफ्ट सुटली की कोपरापर्यंत हात थिनरने धुवायचे. साबणाने तो रंग निघतो होय! वर गुळाचा खडा तोंडात टाकायचा, म्हणजे पोटात गेलेला रंगही साफ. हे शास्त्र सगळ्यांना शिकवणारा दीडशहाणा मीच.

नव्वद सालानंतर माझं अंग बिघडलं. तोंडात फोड, काखेत गळवं, महिन्याआड ताप. एका वर्षात दोनदा नागीण उठली. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी फार कमी. त्या काळात असं काही ऐकलं की लोकांच्या डोक्यात एकच आजार यायचा, एड्स. एका संध्याकाळी ताट वाढता वाढता बायकोने विचारलं, "खरं सांगा, बाहेर कुठे गेला होतात का?"

अस्सा भडकलो! भरल्या ताटावरून उठलो. पण आतून मीही टरकलोच होतो. एड्सचीही तपासणी केली. तसलं काही निघालं नाही. बायको देवापुढे बसून ढसाढसा रडली, मग माझा राग कसला टिकतोय!

शेवटी नाशिकरोडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझे भेगाळलेले तळवे बघितले.

"हात कशाने धुता?"

"थिनरने," मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, रोज कातडीतून विष पाजताय अंगाला! वर हुंगताय ते वेगळंच. आधी ते काम सोडा."

"पेशी येतील ना परत?"

"येतील, कदाचित नाहीही. वाट बघायची."

साहेबांच्या हातापाया पडून मी स्टोअरला बदली घेतली. गळवं थांबली, पण साधी शिंक आली तरी मी ताप मोजायला लागायचो. बायको थर्मामीटर उशाशी घेऊन निजायची. अशी वर्षंच्या वर्षं गेली. रिपोर्टमधले आकडे मुंगीच्या पावलांनी वर चढत होते, पण माझा त्यांच्यावर विश्वास बसेना.

दोन हजार सालानंतरच्या एका थंडीत सगळ्या गल्लीला ताप आला, मलाही आला. आता पंधरा दिवस दवाखाना, असं धरून बायकोने पिशवीही भरली. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप नव्हता. शेजाऱ्यांचा उतरला तसाच, आपणहून उतरला होता. मी अंथरुणात बसून रडायलाच लागलो.

बायको धावत आली. "अहो, काय होतंय?"

"काही नाही गं," मी म्हणालो, "काहीच होत नाहीये."