खुर्चीच्या हातावरचं बोट

आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं, तेव्हा लेकीने विचारलं, "आई, बाबांची फिल्म तू करतेस का मी करू?"

"तू तुझ्या मुलीच्या लग्नाची कर," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला मीच कापणार."

ती हसली, मीही हसले.

कोपरखैरण्याला, बोनकोडे गावाच्या तोंडाशी, आमचा व्हिडिओ शूटिंगचा गाळा होता. लग्नात हे कॅमेरा चालवायचे, मी शेजारी दिवा धरून उभी राहायचे आणि गाळ्यावर येऊन मिक्सिंग करायचे. माझं मिक्सिंग म्हणजे काय, तर नवरीभोवती गुलाब फिरवायचे आणि बदामातून सासूबाई बाहेर काढायच्या. एकदा तर अख्खी पंगत मी कबुतरांच्या पंखांखाली झाकून टाकली. वर मी स्वतःला कोण समजत होते देव जाणे! अंधाऱ्या खोलीत डोक्यावर गॉगल चढवून बसायचे. गिऱ्हाईक काही म्हणालं की, "तुम्हाला त्यातलं कळत नाही," हे ठरलेलं.

हे मात्र कमी बोलायचे. शूटिंग करताना एखादी गोष्ट मनाला लागली की उजव्या हाताचं बोट कॅमेऱ्यावर दोनदा आपटायचे. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. हे ठेव, कापू नकोस.

असा माणूस आयुष्यभर कॅमेऱ्यामागे राहिला. फिल्म करायला बसले तर ढिगाने लोकांची लग्नं सापडली, ह्यांचा चेहरा कुठेच नाही. होती ती एकच जागा, नातीच्या हळदीची. तोवर ह्यांना झटका येऊन गेला होता. वाचा गेली होती, डावी बाजू गेली होती. नजर एकीकडे लागली की तिथेच राहायची. माणसं ओळखतात की नाही, डॉक्टरांनाही सांगता येईना. ह्यांना खुर्चीत बसवून मांडवात नेलं होतं. नात समोर गुडघ्यावर बसली आणि तिने ह्यांच्या गालाला हळद लावली. मी तेव्हा आत पाहुण्यांच्या जेवणाच्या गडबडीत होते. कॅमेरा लेकीच्या हातात होता. त्यानंतर महिन्याभरात हे गेले.

लेक घणसोलीला राहते, तीही एडिटिंगच करते. तिचा प्रोग्राम नवा, माझा जुना, आणि एकाचं काम दुसऱ्यात उघडत नाही. म्हणून तिने फोन केला, "आई, हळदीचं फुटेज कुठल्या कोडेकमध्ये देऊ?"

कोडेक म्हणजे चित्र बांधून पाठवायची रीत. लाइट फाइल केली तर ती पूर्ण चित्र मधूनमधूनच ठेवते, बाकी वेळ आधीच्या चित्रात काय बदललं तेवढंच टिपून घेते. हेवी फाइलमध्ये प्रत्येक चित्र पूर्ण असतं. बघायला लाइट चालते, कापायला हेवीच लागते. हे तिला मीच शिकवलेलं.

"हेवी दे," मी म्हटलं.

"ती डिस्कवर घेऊन येते रविवारी. तोवर लाइट पाठवते, बघून ठेव."

मी बघितलं. नातीने हळद लावली, आणि खुर्चीच्या हातावर ह्यांचं उजवं बोट हललं. जरा थांबलं. पुन्हा हललं.

मी लगेच फोन लावला. "अगं, बाबांना कळत होतं! बोट आपटलंय त्यांनी."

ती म्हणाली, "आई, मी तिथेच होते गं."

"तुझं लक्ष कॅमेऱ्यात. मी सांगते ना."

रविवारपर्यंत मी किती वेळा ते बघितलं, सांगायची सोय नाही. येता-जाता ह्यांच्या फोटोला म्हणायचे, "लबाड! एवढं कळत होतं, तर माझ्याकडे भिंतीसारखे का बघत होता?"

रविवारी लेक आली, पण डिस्क पर्समधून काढेना. चहा झाला, बिस्किटं झाली. शेवटी म्हणाली, "आई, फिल्ममध्ये लाइट फाइलच घालू या ना. काय फरक पडतो?"

तिने आधी बघितलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

"लाव," मी म्हटलं.

हेवी फाइलमध्ये गालावरची हळद कणाकणाने दिसत होती. हनुवटीखाली दाढीचे पांढरे खुंट होते, सकाळी घाईत माझ्याच हातून राहिलेले. हात मांडवाच्या सावलीत होता, आणि बोट स्थिर होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्थिर.

लाइट फाइलमध्ये मधेच पूर्ण चित्र येतं, तेव्हा अंधारातल्या जागा बारीकसा हिसका देतात. तेवढंच ते. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या गॉगलवालीने एका नजरेत ओळखलं असतं, आणि वर ऐकवलं असतं, "आजी, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

लेक माझ्याकडे बघत होती. "कुठली घालतेस?"

"हेवी."

"नक्की?"

"लाइटमध्ये तोंड मेणाचं दिसतं त्यांचं. मला ते खुंट हवेत."

ती जागा मी कुठेही कापली नाही. गुलाब नाही, बदाम नाही. होतं तसं ठेवलं.

श्राद्धाला ती फिल्म लावली. ज्यांना येता आलं नव्हतं त्यांच्या फोनवर पाठवायला लेकीने तिची लाइट कॉपी केली. संध्याकाळी साताऱ्याहून माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. ती रडत होती.

"ताई, भावजींचं बोट हाललं बघा! हळद लावल्यावर. त्यास्नी समदं कळत हुतं की वो!"

सगळं स्पष्टीकरण माझ्या जिभेवर तयार होतं. समोर लेक ताटं पुसत होती, तिचा हात थांबला.

"तुमाला न्हाई दिसलं व्हय, ताई?"

"दिसलं गं," मी म्हटलं. "सगळ्यात आधी मलाच दिसलं."