ताईच्या वाटणीचा नायक

आमची धाकटी बहीण दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि तिथेच प्रेमकथा लिहिते. आत ड्रिल घरघरतंय, बाहेर पेशंट गाल धरून बसलेत आणि हिचा नायक नायिकेचा हात हातात घेतोय. डॉक्टरांना वाटतं, ती अपॉइंटमेंटा लिहिते.

तिच्या चार कादंबऱ्या झाल्या, सगळ्या एकाच घरातल्या. पाच भावंडं, दर पुस्तकात एकाचं जमतं आणि बाकीचे मध्ये लुडबुड करतात. चौघांचं जमलं, थोरली उरली. वाचक तिच्यासाठी हटून बसले आणि प्रकाशकही मागे लागला. ही थोरली म्हणजे आमची ताई, हे सांगायला ज्योतिषी नको. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणं, जेवायला बोलावताना ओरडणं, सगळं तेच. आई गेल्यावर ताईनेच शिवणकाम करून आम्हा दोघांना वाढवलं.

घोळ दुसऱ्या पुस्तकात झाला होता. थोरली एकटी का, याला काहीतरी कारण हवं, म्हणून धाकटीने घाईघाईत एका ओळीत तिच्या होणाऱ्या नवऱ्याला अपघातात मारून टाकलं. मालिकेत एकदा मेलेला माणूस पुन्हा उठवता येत नाही, वाचक फाडून खातात. खरं तर मेलं कुणीच नव्हतं. ताईला एक स्थळ आलं होतं, बोलणी जवळजवळ झाली होती आणि ताईनेच नकार दिला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्यापायी तिने नाही म्हटलं, हे दोघांनीही मनात धरून ठेवलं आणि तोंडातून कधी काढलं नाही.

आता थोरलीची कथा लिहायची तर तेव्हा खरं काय झालं ते ताईला विचारायला हवं, आणि विचारलं तर खपली निघणार. धाकटी मला म्हणाली, दादा, तूच विचार. मी म्हटलं, मारलंस तू, निस्तर तूच. पण गेलो तिच्याबरोबर.

ताई मशीनवर पडद्यांना दुमड घालत होती. धाकटीने आडून आडून विषय काढला. ताईने चारही पुस्तकं वाचली होती.

"त्या बिचाऱ्याला कशाला मारलंस गं?" ती म्हणाली. "चांगला जिवंत आहे. टक्कल पडलंय फक्त."

धाकटीने मग सरळच विचारलं. "आमच्यामुळे नाही म्हणालीस ना तू त्याला?"

उसवलेल्या शिवणीकडे बघावं तसं ताईने आमच्याकडे बघितलं. "तो भेटला की नुसता स्वतःबद्दल बोलायचा. त्याच्याबरोबर राहायचं की तुमच्याबरोबर, एवढाच प्रश्न होता. मला तुम्ही जास्त आवडलात."

इतकी वर्षं मी तिच्यासमोर अपराध्यासारखा वावरलो होतो. तिने आम्हाला आवडीने निवडलं होतं, हे ऐकून मला रडूच आलं आणि ते लपवायलाही जमलं नाही.

धाकटीने नाक पुसत विचारलं, मग पाचव्यात लिहू काय?

ताईने मशीन पुन्हा सुरू केलं. "लिही की माझं लग्न. पण माणूस असा आण, की मला तुम्हाला सोडून जावंसं वाटेल."

पाचवं पुस्तक अजून अडलेलं आहे. तसा माणूस धाकटीला सुचत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला तो सुचू नये असंच मला वाटतं.