मडमेचा कोट आणि फिरकीचा तांब्या

बोहारणीला जुने कपडे देऊन भांडी घेणारी माणसं घरोघर आहेत. भांडी देऊन जुने कपडे घेणारा माणूस मात्र जगात एकच झाला आणि आमचं नशीब थोर म्हणून तो आमच्या आत्याचा नवरा झाला. आतोबांना नवं कापड सोसतच नसे. म्हणायचे, "नव्या कापडाला वळण नसतंय गं. कुनीतरी घालून त्याला मानसात आनावं लागतंय." साताऱ्याच्या घरी बोहारणीची हाक आली, की आत्या आधी पातेली माळ्यावर टाकायची, मग दार उघडायची. तरी एकदा आमटीचं पातेलं गेलंच, अन् बदल्यात कुणा बँडवाल्याचा जरीपट्ट्यांचा लाल डगला आला. तो घालून आतोबा शेतावर गेले, तर बैल बुजून नांगरासकट ओढ्यात उतरले. "बैलांना कापडातलं काय कळतंय!" एवढंच आतोबा म्हणाले. त्यांची पारख साधी होती. कपडा नाकाशी धरायचा, गालाला लावायचा आणि खिशात तपकिरीची डबी मावते का बघायचं.

मी मॅट्रिकला होते. लढाई नुकतीच संपली होती, कापड अजून कंट्रोलात होतं, रेशनवरच मिळायचं. मला दमा. थंडीत सकाळच्या शाळेला निघाले की कोपऱ्यापर्यंतच छाती वाजायला लागायची. आई म्हणाली, "लय झाली शाळा. बस आता घरात." आतोबांचं सांगलीच्या गूळबाजारात काम होतं, तेव्हा ते मला तिथल्या वैद्यांकडे घेऊन गेले. वैद्यांनी पुड्या दिल्या अन् बजावलं, छाती उबेत राहणार असेल तर पोरीनं खुशाल शाळेत जावं, नाहीतर घरात बसावं. म्हणजे घरातच! गरम कपडा येणार कुठून? मोटारीच्या अड्ड्यापर्यंत मी मुकाट्यानं रडत चालले.

अड्ड्याजवळ एक बोहारीण गाठोडं सोडून बसली होती. त्यात होता मडमेचा कोट. वांग्याच्या रंगाची मखमल, गळ्याला केसाळ पट्टा, पेढ्याएवढी बटणं. आतोबांनी तो हुंगला, गालाला लावला, खिशात डबी सारली. "कापड हाय का लोणी!"

"पैसं नगं बाबा, भांडं काढ," बोहारीण म्हणाली.

आतोबांच्या हातात त्यांच्या आईचा फिरकीचा, झाकण फिरवून घट्ट बसवायचा तांब्या होता. प्रवासात त्याच्याशिवाय ते पाणी पीत नसत. आत्याची पातेली उधळणाऱ्या या माणसानं हा तांब्या मात्र जिवापाड जपला होता. त्यांनी आतलं पाणी मला पाजलं, धोतराच्या सोग्यानं तांब्या पुसला आणि देऊन टाकला. परतीच्या वाटेवर एका नळाखाली ओंजळ धरून पाणी प्याले. म्हणाले, "त्याचं वझंच व्हत हुतं."

कोट आला खरा, पण तो घालून साताऱ्यात फिरायचं कसं? "आवं दाजी, गाव हसंल की पोरीला," आई म्हणाली. मीही हटून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला पटका, खाली धोतर आणि मधे मडमेचा कोट अशा थाटात आतोबा बाजारात निघाले. बाह्या कोपरावरच थांबल्या होत्या. पोरं मागं लागली, न्हाव्यानं गिऱ्हाइकाला तसंच फेसात ठेवून बाहेर धाव घेतली. आतोबा ज्याला त्याला थांबवून विचारत, "कसा दिसतोय रं गड्या?" आठवडाभर हीच मिरवणूक. मग एका सकाळी त्यांनी कोट झटकून माझ्यापुढं धरला.

"घाल आता. गावाचं हसून झालंय. मला बघून दमल्यात समदी, तुला कोन बघतंय?"

खरंच कुणी बघितलं नाही. लोक म्हणाले, "आतोबाचा कोट दिसतोय," आणि आपापल्या कामाला लागले. त्या उबेत मी मॅट्रिक झाले, पुढं शिकले, जन्मभर शाळेत शिकवलं.

आतोबांना जाऊन फार वर्षं झाली. त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. आमच्यात तसं बोलायची रीत नव्हती. मखमल आता विरली आहे, तरी दर हिवाळ्याआधी कोट उन्हात घालते आणि खिशात हात घालून बघते. शिवणीत तपकीर अजून आहे. सटासट शिंका येतात, डोळे भरून वाहतात, अन् सून आतून धावत येते.

"आई, दमा उठला का?"

"नाही गं," मी म्हणते, "आतोबा आलेत."