मोळीचा मान

साखर कारखान्यानं कामगारांसाठी जिम काढली, तेव्हा मी गेटवर पहारेकरी होतो. अंगानं काटकुळा. वजन उचलून उचलून जीव जायचा, दंड काही भरेना. जिममधला एक जुना गडी म्हणाला, "कामून घाम गाळतो बे फुकट? दंड भरायच्या सुयांचा एक कोर्स मार." मी मारला. ट्रकवाले मला पैलवान म्हणू लागले आणि मी स्वतःवरच भाळलो. सुई बंद केली की अंग उतरायचं, मनही उतरायचं, अंथरुणातून उठावंसं वाटायचं नाही. मग पुन्हा सुई.

गाळप सुरू होताना उसाची पहिली मोळी पूजा करून गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, टाकतात. इतर ठिकाणी साहेब लोक तिला नुसता हात लावतात. आमच्याकडे जिमचा एक गडी ती एकट्यानं डोक्यावर तोलून धरायचा, पूजा संपेपर्यंत. हा मान माझा होता आणि त्याचा मला माज होता.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी पाळणा हलेना. आईनं बायकोच्या मागे उपास लावले. शेवटी अंबाजोगाईला दोघांची तपासणी केली. डॉक्टरांनी मला एकट्याला आत घेतलं. बायकोत दोष नव्हता, माझंच बीज सुयांनी सुकलं होतं. वर्षभर सुई सोडली तर बहुतेक सुधारेल, म्हणाले. बाहेर बाकावर ती बसलेली.

"काय म्हनले?"

"दोघांचं बी ठीक हाय. वाट बगा म्हनले."

इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

त्या साली माजलगावचं धरण तळाला गेलं. होता नव्हता तो ऊस जनावरांच्या चाऱ्याला तुटला, कारखाना बंद राहिला. मोळी नाही म्हणून मला सुई सोडता आली. दंड लोंबले, कारण नसताना रडू यायचं. बायको टँकरच्या रांगेतून घागर आणायची आणि माझे पाय चेपत विचारायची, "काय दुखतंय, सांगा की मला." लोक आभाळाकडे डोळे लावून बसले होते आणि मी मनात म्हणत होतो, एवढं एक साल पाऊस नको. लाज वाटते, पण म्हणत होतो.

दहा महिने निघाले. मधे पाऊस लई झाला. बाहेरचा ऊस आणून बॉयलर पेटवायची तारीख ठरली, तसं अध्यक्षांनी मला बोलावलं. "पैलवान, मोळी तुमीच धरायची. पर अंग उतरलंय राव." 'यंदा दुसऱ्याला द्या' एवढंच म्हणायचं होतं मला. मी मान डोलावली आणि थेट त्या जुन्या गड्याकडे गेलो.

पूजेच्या दिवशी मी गव्हाणीच्या कठड्यावर मोळी डोक्यावर घेऊन उभा होतो. खाली बायका गव्हाणीची ओटी भरायला रांगेत. बायकोचा नंबर आला, तशी आई सगळ्यांदेखत म्हणाली, "तू माघारी सरक. लेकुरवाळ्यांचा मान हाय ह्यो."

बायकोनं वर माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात खणनारळ तसाच होता. लोक टाळ्या वाजवत होते. मी हात ताठ केले आणि मोळी आणखी वर उचलली.