हात धुऊन टोचा

त्या मंगळवारी मी तीनदा माझ्या दवाखान्याच्या रिसेप्शनपर्यंत जाऊन आले. "अजून आले नाहीत," रिसेप्शनवरची मुलगी तिसऱ्यांदा जरा चिडूनच म्हणाली. साडेदहाची वेळ दिलेली, आणि घड्याळात जेमतेम दहा. एरवीही मला एका जागी बसवत नाही, त्या दिवशी तर मुळीच नाही.

येणार होते ते माझे जुने पेशंट, बस ड्रायव्हर. मूळचे घानाचे, अख्खं आयुष्य इथे लंडनजवळ स्लाऊ-हाउन्सलोकडे बस चालवलेले. त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीचं पत्र आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आलं होतं. साखरेने दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झालेत, बस चालवणं ताबडतोब बंद. हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं. सांगायचं मला होतं.

आणि साखर म्हणाल, तर माझ्याकडे त्यांचा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट दर वर्षी ठीकठाक. डायबेटिसच नाही म्हटल्यावर डोळे कोण तपासणार! घरच्या मशीनवर मात्र त्यांचे आकडे भलतेच जास्त यायचे. ते बिचारे काळजीने दाखवायला आणायचे. आणि मी शहाणी त्यांना माझ्या बाबांची गोष्ट सांगायचे. बाबांनी एकदा आंबा चोखून तसंच बोट टोचलं, साखर आली तीनशेच्या वर, आणि पुण्याहून मला फोन: "अगं, मी चाललो आता!" ते ऐकून ड्रायव्हर खदखदून हसायचे. "हात धुऊन टोचा," मी म्हणायचे. "मशीनचं काय घेऊन बसलात? लॅबचं खरं."

लॅबचं खरं नव्हतं. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या जनुकांवर संशोधन चाललंय, त्याबद्दल मध्यंतरी आम्हा डॉक्टरांचं एक ट्रेनिंग झालं. त्यांच्यातल्या काही जणांत एक बदल असतो, त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर मरतात. त्यांच्यावर साखर चढायला पुरेसे दिवसच मिळत नाहीत, आणि रिपोर्ट उगाचच चांगला येतो. ते ऐकताना मी खुर्चीतच चुळबुळायला लागले. डोळ्यांसमोर एकच माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांना बोलावून वेगळ्या तपासण्या केल्या, डोळ्यांच्या तपासणीलाही पाठवलं. तो बदल त्यांच्यात निघाला.

ते आले ते युनिफॉर्ममध्येच, दुपारची ड्युटी होती म्हणून. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. डोळे, बस, रिपोर्ट. "चूक माझी आहे," मी म्हणाले.

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मशीन खरं सांगत होतं?"

"हो. अजून आहे का ते?"

"टाकून दिलं. लॅबचं खरं, असं तुम्हीच म्हणालात ना."

मला राहवेना. "अहो, ओरडा ना माझ्यावर! काहीतरी बोला!"

ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले, तळवे वर करून, लहान मुलं जेवायच्या आधी आईला दाखवतात तसे.

"डॉक्टर, मी हात धुवायचो," ते म्हणाले. "दर वेळी, साबणाने. आकडा जास्त आला की वाटायचं, नीट धुतले नसतील. मग पुन्हा धुवायचो."