पुंजा गावितची खबर

“आधी खबर, मग भाकर,” असं सावळीराम पगार दर बुधवारी म्हणायचे, आणि ताटाकडे गेलेला हात मागे घेऊन क्लबातले डॉक्टर, वकील, बिल्डर हसायचे.

क्लब नाशिकचा, नाव गोदाकाठ सेवा क्लब. शरणपूर रस्त्यावरच्या एका हॉटेलाच्या माडीवर दुपारी सभा भरायची. अध्यक्षांनी घंटा वाजवली की रक्तदानाचं, शाळांना दिलेल्या बाकांचं बोलणं व्हायचं. मग सावळीराम उठायचे. कुणाला नातू झाला, कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, कुणाची लेक पहिल्या वर्गात आली. याला सभासद-वार्ता म्हणत. सावळीराम मूळचे कळवणकडचे, पंचवटीत त्यांचं पंप आणि पाइपांचं दुकान. इंग्रजी यायचं नाही, कोट अंगावर बसायचा नाही. पण त्यांनी वार्ता सुरू केली की वाढपीसुद्धा डाव हातात धरून ऐकत उभे राहायचे.

ही वार्ता त्यांना मिळायची हॉटेलाच्या आवारातल्या उंबराखाली. सभासद माडीवर गेले की त्यांचे ड्रायव्हर तिथे बसत, आणि घरातलं जे शेजाऱ्याला कळत नाही ते ड्रायव्हरला कळतं. सावळीराम जरा लवकर येऊन त्यांच्यात बसायचे, चहा पाजायचे. सगळ्यांत जास्त खबर असायची पुंजा गावितकडे. पेठकडच्या डोंगरातला हा बारीक अंगाचा माणूस, द्राक्षांचे व्यापारी धनराज आहेर यांची गाडी चालवायचा.

“सायेब, दातांच्या डाक्टरचा पोरगा पास झाला. पण त्यानंच सांगू द्या आधी, नायतर रुसंल.”

“तू क्लबात ये रे पुंजा. माझी खुर्ची देतो तुला.”

“नको सायेब. त्या पुऱ्या मला पचत नाय.”

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यातला एक बुधवार. सकाळी सावळीरामांच्या दुकानाचा टेम्पोवाला पेठहून आला तो थेट त्यांच्यापाशी गेला. सावळघाटात एक गाडी दरीत गेलेली त्याने पाहिली होती. मोतिया रंगाची, मागच्या काचेवर क्लबचं चिन्ह. आत एकच माणूस होता आणि तो संपला होता, चेहरा ओळखण्यापलीकडे. तशी गाडी धनराज आहेरांचीच. सावळीरामांनी आहेरांच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. गाडी आहेरांची, म्हणजे आत आहेरच. दुसरं काही त्यांच्या मनात आलंच नाही. दर बुधवारी ड्रायव्हरांबरोबर उंबराखाली बसूनसुद्धा आलं नाही.

दुपारी त्यांनी उभं राहून सांगितलं, “धनराजभाऊ गेले.”

क्लबातला सभासद गेला की सगळ्यांनी मिनिटभर माना खाली घालून उभं राहायचं आणि त्या दिवशी जेवायचं नाही, अशी रीत होती. सगळे उभे राहिले. खुर्च्यांचा आवाज थांबला. त्या शांततेत सावळीरामांना वाटलं, दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिलं आहे. चपला बाहेर काढून, अंग चोरून. त्यांनी मान वर केली. दारात कुणी नव्हतं. 

मिनिट संपलं, आणि थोड्याच वेळात जिन्यावर पावलं वाजली. धनराज आहेर आत आले, घामाघूम.

“अरे, मनमाडला लग्नाला गेलो होतो मेहुण्याच्या जीपने. गाडी पुंजाला दिली होती, त्याचं पोर आजारी होतं गावाकडे. तिकडून येताना... आत्ताच कळलं मला.”

 कुणी त्यांना मिठी मारली, कुणी टाळ्या वाजवल्या.

“आहेर, तुमच्यापायी आज श्रीखंड चुकणार होतं आमचं!”

“पगार, जित्या माणसाला पोचवलंत की हो!”

“शंभर वर्षं आयुष्य मिळालं आता तुम्हाला, आहेर.”

“पुंजा मात्र गेला बिचारा,” आहेर खुर्चीत बसत म्हणाले. दोघं-तिघं “अरेरे” म्हणाले. आहेर जिवंत होते, तेव्हा उपास मोडला. पुऱ्या आल्या. सावळीरामांनीही एक पुरी मोडली आणि तोंडात घातली.

तो घास त्यांना पुढे दर बुधवारी आठवू लागला.

पुंजाला क्लबाने मिनिटभर मान दिला होता, पण दुसऱ्याच्या नावाने. तो आपल्या नावाने मागायला आला आहे, असं सावळीरामांना वाटे. वार्ता सांगायला उठलं की दाराशी कुणीतरी असे. नजर टाकली की दार रिकामं. घरी बायको बयाबाई म्हणाली, “त्र्यंबकला जाऊन काय ते शांतीचं करून या.” त्यांनी केलं. पुढच्या बुधवारी दार तसंच भरलेलं.

एकदा त्यांनी वार्तेत सांगितलं, कापडवाल्या शहांच्या मुलीचं लग्न ठरलं. शहांचा चेहरा उतरला. “पगार, हे आज सकाळी ठरलं. घराबाहेर कुणालाच माहीत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?”

सावळीराम आठवू लागले. उंबराखाली ऐकलं होतं, एवढं खरं. पण शहांचा ड्रायव्हर त्या दिवशी आलाच नव्हता. आणि कानात राहिलेला आवाज होता, “सायेब, शहांच्या पोरीचं जमलं हं.”

ते अध्यक्ष प्रभुणे वकिलांकडे गेले. “एक मिनिट उभं राहू या. पुंजाच्या नावाने.”

“पगार, आता? तेव्हाच गेला की तो. आणि रीत सभासदांपुरती आहे. उद्या कुणी म्हणेल, माझ्या माळ्यासाठी उभे राहा.”

“मग काय होईल? राहू उभे.”

प्रभुणे हसले. विषय तिथेच संपला.

धनराज आहेरांना त्यांनी जिन्यात गाठलं. “भाऊ, तुम्ही मांडलं तर कुणी नाही म्हणणार नाही.”

आहेर कठड्याला धरून उभे होते. “सावळीराम, त्याच्या बायकोला, भिमाबाईला, मी अंतर दिलं नाही. पोराला कामाला लावतोय. आणखी काय करू?”

“त्याला ते नको आहे.”

“कुणाला?” आहेरांनी विचारलं आणि जिन्यात वर-खाली पाहिलं. मग घाईने वर गेले.

अशी वर्षं गेली. अध्यक्ष बदलले, फिरून प्रभुणे आले. सावळीरामांची वार्ता बारीक होत गेली. बोलता बोलता ते दाराकडे पाहत, आणि लोक एकमेकांकडे.

मग पौषातल्या एका बुधवारी ते उठले. ताटं वाढून झाली होती.

“आज वार्ता एकच आहे. पेठ तालुक्यातला पुंजा गावित सावळघाटात गाडीत वारला. ही वार्ता मी चुकीची सांगितली होती. ती आज बरोबर सांगतो. त्याच्यासाठी उभं राहायचं आहे.”

प्रभुण्यांनी घंटा वाजवली. “पगार, बसा.”

कुणी उठलं नाही. आहेरांनी टेबलावर दोन्ही हात टेकले, अंग जरा उचललं. शेजारचे शहा त्यांच्याकडे बघत होते. आहेर पुन्हा बसले.

सावळीराम एकटे उभे राहिले, मान खाली घालून. मिनिट पुरं होऊ दिलं. मग त्यांनी मान वर केली, दाराकडे बघून “चल” म्हणाले, आणि ताट तसंच ठेवून बाहेर पडले. दारातून जाताना ते एका अंगाने गेले, जसं वाटेत उभ्या माणसाला धक्का लागू नये म्हणून जातात.

जिन्यावर त्यांची पावलं वाजत खाली गेली. धनराज आहेर उठून खिडकीशी आले. खाली दुपारच्या उन्हात सावळीराम फाटकातून बाहेर पडले. फुटपाथ मोकळा होता, तरी ते अगदी कडेने चालत होते, दुसऱ्याला जागा ठेवून. मध्येच थांबत, हात हलवून काही बोलत, पुन्हा चालू लागत.

“आहेर, या, पुऱ्या गार होतायत,” मागून शहा म्हणाले.

आहेरांनी ऐकलं नाही. वळणावर सावळीराम दिसेनासे झाले, तरी ते खिडकीशी तसेच उभे होते.