दाराकडे तोंड करून बसणारे नाना

सावर्ड्याजवळच्या आमच्या वाडीत लग्नाची पंगत बसली की शेजारचे नाना हवालदार भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचे. ती जागा गेली तर उपाशी राहतील, पण दाराकडे पाठ करणार नाहीत. आम्ही त्याला फौजी शिस्त म्हणायचो.

नाना बोलायला बहारदार. तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं: "फौजीला रोग दोनच, ताप आणि हगवण. तिसरा म्हणजे रजेचं निमित्त!" शिमग्यात पालखी वाडीत यायच्या दिवशी मात्र बरोबर त्यांचं खेडला काम निघायचं. घरोघरचे धनी देव खांद्यावर घेऊन नाचायचे आणि नानांच्या घरी त्यांची बायको, आमच्या काकी, एकट्याच ओटी भरायच्या. त्यांना ते फार लागायचं.

एका वर्षी एसटीच आली नाही. नाना अडकले. पालखी त्यांच्या अंगणात टेकली, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, आणि "लेट जाओ!" असं ओरडत नानांनी गुरवाला आडवं पाडून स्वतःला त्याच्यावर झोकून दिलं. गुरव खाली, हवालदार वर! आम्ही पोट धरून हसलो. पण नाना उठेनात. लटलट कापत होते.

"हसता काय रे?" काकी कडाडल्या. "झोपेत पण असंच करतात. पलटणीतनं आल्यापास्नं. कोणाला सांगू देत न्हाईत."

आमचं हसू जागच्या जागी विरलं. गुरव मात्र खमक्या. त्याने धोतर झटकलं आणि तिथेच गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्या शिपायाची लढाई अजून सरली न्हाय. त्याला चांगला डाक्टर गाठून दे. आणि ह्या अंगणात जो फटाका लावील, त्याच्या खांद्याला तुझी पालखी लागू देऊ नको!"

"होय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली.

देवापुढचा शब्द मोडायची नानांची छाती नव्हती. "देवानंच हुकूम सोडलान," म्हणत ते रत्नागिरीला मनाच्या डॉक्टरकडे गेले. परतल्यावर फाटकातूनच ओरडले, "अगो, तिसरा रोग निघाला! नाव इंग्रजी हाय, म्हणजे मोठाच असणार!" गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांशी बोलणंही.

यंदाचा शिमगा मी विसरणार नाही. ढोल दणकून वाजले, फटाका एकही नाही. नानांनी आपल्या अंगणात पालखी घामाघूम होईपर्यंत नाचवली. काकींनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पायांवर पाणी ओतलं.

"पाठ कुठं हाय माझी, बघितलंस?" नानांनी हळूच विचारलं. ती फाटकाकडे होती.

"बघितलं," काकी म्हणाल्या. "नाचा तुमी. मी हाय फाटकाकडं तोंड करून."